तंबूतला संकासुर

दादा, तुझा सिनेमा मालवणात आला. तुझ्या तेराव्याची मोठी भांडी अजून शेजाऱ्यांकडे परत गेली नाहीत, आणि इकडे बाजारामागच्या मैदानात तंबू उभा राहिला. थोडा आधी आला असता तर तूच आम्हाला हाताला धरून नेलं असतंस. पण आपल्या घरातलं काही वेळेवर झालंय कधी?

ताप कधी चढला, डॉक्टर काय म्हणाला, शेवटी पाणी कुणी पाजलं, हे मी इथे लिहीत नाही. तू होतास तिथे. मला दुसरंच सांगायचं आहे. हसू नकोस.

आधी भोंगा ऐकू आला. वाडीच्या शाळेत मी पोरांकडून पाढे म्हणून घेत होते. रस्त्यावर बैलगाडी, गाडीच्या दोन्ही अंगांना रंगवलेले फलक, पुढे बसलेला माणूस घसा फोडून ओरडतोय. पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळली. छडी आपटली तरी कुणी ऐकेना, म्हणून मीही खिडकीशी गेले. फलकावर एक गोरीपान बाई झाडाला बांधलेली, आणि तिच्यापुढे एक काळाकुट्ट माणूस, बटाट्याएवढे डोळे, लालभडक ओठ, हातात भाला, केसांत हाड खोवलेलं. तोंडवळा तुझा नव्हता, रंगवणाऱ्यानं मनानंच काढला असणार. पण हाड बघितलं आणि मला कळलं. यंदाच्या चतुर्थीला पडवीत जाळं सांधताना तूच सांगितलं होतंस, "बाये, केसात माका हाड खोवलानी. कोंबयेचा हाड गो! आणि म्हणतत, माणसाचा आसा."

पोरं "जंगली! जंगली!" म्हणून नाचायला लागली. त्यातल्या एकानं मागे वळून तुझ्या लेकीकडे, चंपीकडे बघितलं. बस, एवढंच. चंपी पाटी पुसत बसली होती, तिनं मान वर केली नाही. पण ते बघणं मी ओळखते. आपण दोघं त्याच नजरेखाली वाढलो. तुझ्या अंगावरून ती निथळून गेली, माझ्या अंगात मुरली.

आठवतं ना, कुडाळहून मला बघायला आले होते ते? पोहे खाऊन झाल्यावर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, मुलगी शिकलेली आहे, सगळं चांगलं आहे, पण उजेडातसुद्धा दिसत नाही. आपले वडीलधारे खाली बघत राहिले. तू कोपऱ्यातून उठलास आणि म्हणालास, "मगे दिवो घेवन येवचो हुतो." ते उठून गेले. तुझ्यावर घरात आरडाओरडा झाला. मी आत चुलीपाशी बसून रडत होते आणि हसतही होते. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि मी मास्तरीण झाले. तुझे उपकार मोजायला बसले तर हा पहिला, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझा रंग तू मिरवलास. जत्रेत दशावतारी खेळ उभा राहिला की संकासुर तूच. आपल्या वाडीला दुसरा संकासुर चालत नसे. वेद चोरणारा राक्षस, काळा झगा, काळं तोंड, आणि तोंडात भाषा मात्र अस्सल आपली. विष्णूला तू भर रंगात विचारायचास, "देवा, तू निळो आणि मी काळो, पाऊस पडलो काय दोघांचोय रंग एकच, मगे मारतंस कित्या?" लोक पोट धरून हसायचे. मग विष्णू मारायचा, तू आडवा पडायचास, आणि पेटीवाला सूर धरून थांबायचा. सगळ्या वाडीला ठाऊक असायचं की आता काय होणार. तू उठून बसायचास, मांडी घालायचास, आणि बाया आपापली तान्ही पोरं घेऊन पुढे यायच्या. मरून उठलेल्या संकासुराच्या मांडीवर मूल बसलं की त्याचं भय जातं, असं आपल्याकडे मानतात. तू एकेका पोराला मांडीवर घेऊन कानात काहीतरी पुटपुटायचास. काय ते कुणाला सांगायचं नसतं.

चंपीलाही तू असंच बसवलं होतंस, स्वतःच्याच मुलीला, तोंडाला काजळ फासलेलं असताना. ती रडली नाही. तुझी लाल कापडी जीभ ओढायला बघत होती. मला मात्र लहानपणी त्या वेळच्या संकासुराच्या मांडीवर ठेवलं तेव्हा मी असा टाहो फोडला की आईनं उचलून घेतलं. तू जन्मभर त्यावरून मला चिडवलंस. पाल बघून मी किंचाळले की म्हणायचास, "मांडयेर बसाक नाय ना? आता भियान भियान मर." आजही मी भितेच आहे, दादा. तुझ्यामागे तर जास्तच.

मग एका पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर तू मुंबईला गेलास. दरवर्षी जायचास, गोदीत काम करायचास. त्या वर्षी कुणी म्हणे गावकऱ्यांच्या खोलीवर आला आणि म्हणाला, सिनेमासाठी होडी वल्हवता येणारे काळे पुरुष पाहिजेत. काळे पाहिजेत! जन्मात पहिल्यांदा कुणी आपल्याला मागून घेतलं. तुम्ही सगळे हसत हसत गेलात. तिथे तळ्यावर जंगल उभारलं होतं, नारळाच्या झावळांच्या झोपड्या आणि दारात मातीच्या कवट्या. आणि तुम्हाला उभं करून बघितल्यावर सिनेमाचा साहेब म्हणाला, हे पुरेसे काळे नाहीत. मग नखशिखांत काळा रंग फासला. संध्याकाळी घासलेटनं घासला तरी कानामागे राहायचा.

हे तू मला गंमत म्हणून सांगत होतास. मी विचारलं, जेवायला कुठे बसायचात? तू म्हणालास, झाडाखाली. मांडवात घेतलं नाही, खुर्च्यांना रंग लागेल म्हणून. मी विचारलं, त्या नायिकेच्या तोंडाला लावलेली पांढरी पावडर खुर्च्यांना लागत नव्हती का? तू जाळ्यातली गाठ दातानं आवळलीस.

पण तू मला त्या खलाशाचंही सांगितलंस. गोदीतल्या कुठल्याशा बोटीवरून आफ्रिकेतला एक खरा काळा माणूस त्यांनी आणला होता. उंच, अबोल. त्यालाही रंग लावला! तो म्हणे आपल्या हाताकडे बघत राहिला, मग रंगवणाऱ्याकडे, मग तुमच्याकडे. तुमची भाषा त्याला येत नव्हती, त्याची तुम्हाला. दुपारी झाडाखाली तू त्याला विडी दिलीस. त्यानं खुणेनं त्या कवट्या दाखवल्या आणि हात पसरून विचारलं, हे कुठलं गाव? तूही हात पसरलेस. मग त्यानं वाळूत बोटानं एक घर काढलं, दार, दोन खिडक्या, दारात बाई आणि तीन पोरं. तू शेजारी आपलं काढलंस. "तेचा घर आमच्यापेक्षा मोठा हुता गो," असं म्हणालास.

मी शाळेत भूगोल शिकवते. आफ्रिका आली की पोरं विचारतात, बाई, तिथली माणसं माणसांना खातात ना? मी नाही म्हणते. ती म्हणतात, सिनेमात दाखवतात की. पडवीतल्या त्या दिवशी तुझ्यावर मी त्या रागानंच तुटून पडले. असं सोंग घेऊच नये, असं म्हणाले. तू म्हणालास, "सोंगच आसा गो ता. संकासुर तरी काय आसा?" मी म्हटलं, संकासुर बोलतो. देवाला उलटून विचारतो. अर्धी वाडी त्याच्या बाजूची असते. आणि मुख्य म्हणजे तो उठतो. तुझा जंगली उठतो का?

तू जाळं बाजूला सारलंस. मग म्हणालास, "माका बोलूक दिल्यानी थंय. साहेब म्हणालो, कायतरी रानटी आराड. मी आराडलंय. काय ता बघूक येशीत तेवा कळात. दुसऱ्या खंय कोणाक कळाचा नाय."

मी म्हटलं, मी मुळीच येणार नाही. आणि भांडण तिथेच राहिलं. आठ दिवसांत ताप आला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. वैनी म्हणाली, बरं झालं, काही मनात राहिलं नव्हतं. मला त्या कावळ्याचा राग आला. तुझ्या मनात नसेल राहिलं. माझं उत्तर राहिलं होतं.

तर आता तंबू आला. आणि वैनी म्हणाली, जायचं.

मी हबकलेच. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि बाई सिनेमाला! मासळी बाजारात तिला एकजण उभी करणार नाही. मी तिला हे सांगितलं, हात जोडून सांगितलं. ती पाटीत बांगडे लावत होती, वरही बघितलं नाही तिनं. म्हणाली, "मी सिनेमा बघूक जाणंय नाय. माज्या घोवाक बघूक जातंय."

तुझा एकही फोटो नाही, दादा. जत्रेत फोटोवाला यायचा तेव्हा तू काजळ फासून बसलेला असायचास आणि म्हणायचास, तोंड धुतल्यावर काढू. ते राहिलंच. वैनीला तुझं तोंड आठवेनासं होईल याची आत्ताच धास्ती पडली आहे. परवा मला म्हणाली, तेच्या भिवयेवरची खूण डाव्या बाजूक का उजव्या? आणि मला पटकन सांगता येईना.

"मगे चंपीक हय ठेव," मी म्हटलं. "शेजारी ठेव. तिका नेव नको."

"तिचो बापूस आसा."

"म्हणानच सांगतंय. घाबरात ती. जल्मभर तिका तोच दिसतलो, हाड खोवलेलो."

वैनीनं पाटी उचलली. "तू येव नको जाय तर. तुका भय वाटता." आणि चालायला लागली.

तिचं खरं होतं. मला भय वाटत होतं, आणि एकाच गोष्टीचं नाही. चंपी तुला बघून किंचाळेल, आणि तुझी एवढीच आठवण तिच्याकडे उरेल. लोक टाळ्या वाजवतील. गोरा नायक तुला गोळी घालेल, तू पडशील, आणि ती त्या टाळ्या ऐकेल. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत जंगल्याची पोर म्हणतील, आणि ती माझ्यासारखी होईल. उजेडात न दिसणारी. मी छडी घेऊन किती जणांना गप्प करणार?

पण घरी एकटी बसून ते सगळं मनात बघत राहणं त्याहून वाईट होतं. काल मी गेले.

खाडी ओलांडून मैदानात पोचलो तेव्हा खेळ लागायचा होता. बायकांच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा, खाली वाळू. मागे बाजारातली मंडळी खुर्च्यांवर. पुढे सगळी आपली वाडी बसलेली, रापणीची जाळी ओढणारी माणसं, कोळणी, पोरंबाळं. वैनी पदर पुढे ओढून आत आली तेव्हा कुजबूज झाली आणि थांबली. एका बाईनं सरकून जागा दिली. मी चंपीला दोघींच्या मध्ये घेतलं. तिनं नवा फ्रॉक घालायचा हट्ट धरला होता, बाबाला दाखवायला.

"आते, बाबा बोलतलो?"

"बोलतलो."

"माज्याकडे बघतलो?"

मी म्हटलं, सरळ बस.

बाहेर इंजिन धडधडायला लागलं, पडदा उजळला. सिनेमा कसा होता म्हणून विचारशील तर वाईट नव्हता. गाणी गोड होती. नायक टोपी घालून जंगलात जातो. तिथे काळ्यांचा राजा, आणि राजाची मुलगी मात्र गोरीपान, गालांवर पावडर, कपाळावर वळलेली बट. काळ्याकुट्ट आईबापांना ही कुठून झाली, तंबूत कुणी विचारलं नाही. मीही एरवी विचारलं नसतं. लहानपणापासून इतक्या तंबूंत इतके सिनेमे बघितले, दुष्ट काळा आणि चांगला गोरा, मलाही कधी खटकलं नव्हतं. काळ्या माणसाला बघून मीच पदर तोंडाशी नेला आहे. काळ्या मुलीनं नायिकेच्या रंगावर खूश होऊन घरी यायचं, असंच असतं ते.

मग तळं आलं आणि होड्या आल्या. तोंड दिसायच्या आधी मला तुझं वल्हं दिसलं. डावा खांदा खाली टाकून तू वल्हवतोस, तसा कुणी वल्हवत नाही. वैनीनं चंपीच्या डोक्यावरून हात घालून माझं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे काय, आवळलं. पुढे बसलेल्यांत कुणीतरी हळूच म्हणालं, "आपली माणसा."

नायकावर जीव जडला म्हणून राजाच्या त्या मुलीला झाडाला बांधलं. ढोल वाजायला लागले. सगळे जंगली गोल नाचायला लागले आणि पोरं घाबरून आयांना चिकटली. आणि एकदम पडदाभर तू. तुझे डोळे, केसांतलं हाड, काळ्या रंगात चकाकणारे दात. बायकांच्या बाजूनं किंकाळी उठली. चंपीची नखं माझ्या दंडात रुतली. मी तिचे डोळे झाकायला हात उचलला. झालं, मी म्हटलं, झालंच.

तू भाला उगारलास, तोंड उघडलंस, आणि जत्रेतल्या त्याच संकासुराच्या आवाजात गरजलास.

"भिया नको गो बाये! काय करणंय नाय मी तुका! भिया नको!"

किंकाळी मध्येच तुटली. इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत राहिली. मागे एक म्हातारी आपल्या सुनेला विचारत होती, "काय म्हणता गो तो?" आणि सून म्हणाली, "भिया नको म्हणता."

आता मी नीट बघितलं. झाडाला बांधलेली ती पोरगी, असेल सतराअठराची, खरीच थरथरत होती. रंग फासलेले इतके पुरुष भाले घेऊन अंगावर येतायत, तळ्यावरचा गार वारा, आणि साहेब म्हणतोय, आराडा. मग तू आरडलास. तुझी भाषा तिला कळली नसेल. साहेबाला तर नाहीच. त्यांना वाटलं, काय रानटी ओरडला! हे बोलणं फक्त आपल्या किनाऱ्यावर कळणार होतं, आणि तू ते कधीतरी इथे पोचेल म्हणून तिथे ठेवून आलास. जन्मभर मला 'बाये' म्हणालास. मी ते शब्द तिच्यासाठी होते असं मानते. थोडे माझ्यासाठी होते असंही मानते.

आणि मग मला दुसरंच भय वाटलं, आधीच्याहून मोठं. हा सिनेमा गावोगाव फिरलाय. जिथे मालवणी कळत नाही तिथे काय झालं असेल? एक माणूस जीव तोडून सांगतोय, भिऊ नको, आणि तंबू भरून लोक त्याला भितायत. तो जितक्या मोठ्यानं सांगतोय तितके जास्त भितायत. त्यांना कोण सांगणार, दादा?

तुझ्या शेजारी तो खलाशी होता. मी लगेच ओळखला, सगळ्यांत उंच. तुझ्यानंतर तो ओरडला. तंबूतल्या बाया पुन्हा किंचाळल्या, अगदी तुझ्या बोलण्यावर गप्प झालेल्या त्याच. माझ्याही तोंडून आवाज निघाला. तो काय म्हणाला ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. एवढा मोठ्यानं तो काय सांगत होता? आपल्या बाईला हाक मारत होता का? कुठे तरी त्याच्या गावच्या किनाऱ्यावर तंबू लागला तरच ते कळणार, आणि तिथे हा सिनेमा जाणार नाही.

नायकानं बंदूक उचलली. तू पडलास. मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या वाजल्या, पण थोड्याच, आणि वाजवणाऱ्यांना आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं असावं, कारण त्या लगेच थांबल्या. वैनी पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "दाढी करूक नाय हुती. आणि खूण डाव्या बाजूक आसा." मग ती पदर तोंडात कोंबून रडली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. शेजारच्या बाईनं तिची पाठ धरली.

सिनेमा संपला. माणसं उठली, वाळू झटकत, पोरं गोळा करत. जाताना एकदोघी वैनीजवळ थांबल्या, हाताला हात लावून गेल्या. मी चंपीला म्हटलं, चल. ती हलेना. कोरा पडदा वाऱ्यानं फुगत होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती.

"चल गो चंपे, होडी चुकात."

"थांब मगे. बाबा अजून उठाक नाय."

तिनं आजवर तुला कितीदा मरताना बघितलंय, रे. विष्णू मारतो, तू पडतोस, पेटीवाला थांबतो, आणि तू उठून बसतोस. दर जत्रेला. तिला घाबरायचं कारणच नव्हतं. तू घरात आडवा पडलास, तुला उचलून नेलं, तेव्हाही ती रडली नव्हती, आणि आम्ही म्हणत होतो, लहान आहे, कळत नाही. आता मला कळलं की ती कशाची वाट बघत होती. नवा फ्रॉक कशाला हवा होता तेही कळलं. तिला तुझ्या मांडीवर बसायचं होतं.

तंबूवाला पडद्याचे दोर सोडायला लागला. वैनी बाहेर बायांमध्ये उभी होती. मी पडद्यापुढच्या वाळूत खाली बसले आणि मांडी घातली. माझं तोंड तुझ्यासारखं आहे असं लोक म्हणतात, आणि रंग तर आहेच, त्याला काजळ लागत नाही.

"हडे ये. बस."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. मास्तरणीची भाची ती, नियम पक्का ठाऊक. "पण तू मराक खंय, आते? उठाक खंय?"

"नाय गो."

"मगे?"

मगे काय, दादा? मी मेले नाही, उठले नाही. संकासुराच्या मांडीवरसुद्धा धड बसले नाही. मी नुसती भित आले आजवर. आणि उद्या शाळा भरल्यावर तिला कोण काय म्हणेल याचं भय तेव्हाही होतंच. ते तिला दिसतच होतं.

"तो उठाचो नाय आता," मी म्हटलं. "म्हणान मी बसलंय."

तिनं पुन्हा एकदा कोऱ्या पडद्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मग फ्रॉक सावरून माझ्या मांडीवर येऊन बसली. किती जड झाली आहे रे ती. तू पोरांच्या कानात काय पुटपुटायचास ते मला कधी कळलं नव्हतं. काल कळलं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पडद्यावरचे तुझे शब्द म्हणाले. आवाज माझा होता, पुरता कापरा. तिनं मान वळवली, माझ्या गालावर हात ठेवला आणि मलाच म्हणाली, "भिया नको गो."